उजेडाचे आयुष्य



ज्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे, ते आपले सर विज्ञान शिकवीत असत. मी जन्मभर मराठी शिकवली. त्यामुळे संस्थेचे निमंत्रण आले तेव्हा चिटणीसांनी सौजन्याने सुचविले, 'सर, संतवाङ्मयावर बोललात तरी चालेल.' मी त्यांना म्हणालो, 'संतवाङ्मयावर बोललो तर ते माझे व्याख्यान होईल. हे व्याख्यान सरांचे आहे.' म्हणून आज मी माझ्या अधिकाराबाहेरच्या विषयावर बोलणार आहे. तो विषय म्हणजे विझत जाणारा उजेड आणि त्या विझण्याचे मोजमाप. भौतिकशास्त्राच्या जाणकारांनी चुका पोटात घालाव्यात आणि सभा संपल्यावर कानात सांगाव्यात.

आरंभ एका कबुलीने करतो, कारण ती साठ वर्षे माझ्याजवळ पडून आहे.

आपल्या जुन्या इमारतीत प्रयोगशाळेच्या मागे बिनखिडक्यांची एक खोली होती. मुले तिला 'काळकोठडी' म्हणत. मी नववीत असताना सरांनी एके दिवशी आम्हां दहा-बारा जणांना तेथे नेले. त्यांच्या हाती कृष्णाची एक लहानशी प्लॅस्टिकची मूर्ती होती. त्या काळी अशा मूर्ती जत्रेत मिळत आणि लोक त्यांना 'रेडियमची मूर्ती' म्हणत. प्रत्यक्षात त्यांत रेडियमचा कण नसे, जस्ताच्या सल्फाइडची पूड असे. सरांनी ती शंभर वॅटच्या दिव्याखाली एक मिनिट धरली आणि दिवा मालवला. हिरवट उजेडात कृष्ण उभा राहिला. 'किती वेळाने दिसेनासा होतो ते प्रत्येकाने स्वतंत्र लिहायचे. शेजाऱ्याला विचारायचे नाही.' एवढे सांगून सर हातातल्या घड्याळाकडे पाहून दर अर्ध्या मिनिटाला आकडा पुकारू लागले.

मला कंटाळा आला. मी डोळे मिटले. शेजारचा मुलगा सात मिनिटांना कुजबुजला, तेव्हा मीही वहीत 'सात मिनिटे' लिहिले. दिवा लागल्यावर सरांनी वह्या पाहिल्या. कुणाचे नऊ, कुणाचे बारा, एकाचे तर वीस. आणि आम्हां दोघांचे नेमके सात. सर रागावले नाहीत. मला जवळ बोलावून त्यांनी एवढेच विचारले, 'तो दिसेनासा झाला, की तू पाहिनासा झालास?'

आपण मराठी भाषक उजेडाविषयी बोलताना क्रियापदे किती जपून वापरतो, याचा विचार त्या प्रसंगानंतर पुष्कळ वर्षांनी, वर्गात शिकविताना माझ्या मनात आला. वीज लखकन चमकते. समई तेवते. काजवा लुकलुकतो. रॉकेलची चिमणी मिणमिणते. निखारा धुमसतो. विझण्यापूर्वी ज्योत फडफडते. यांतील एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. समई लखकन तेवत नाही, की वीज मिणमिणत नाही. नीट पाहिले तर या क्रियापदांतला भेद रंगाचा नाही आणि उजेड किती आहे याचाही फारसा नाही. तो काळाचा आहे. उजेड केव्हा आला, किती टिकला आणि कसा गेला, याची नोंद आपल्या भाषेने क्रियापदांत करून ठेवली. ज्या शास्त्राविषयी मी बोलणार आहे ते याहून वेगळे काही करीत नाही. त्याचे घड्याळ मात्र फार बारीक आहे.

प्रथम नावाचे पाहू. पदार्थ तापविला की तो उजळतो. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आपण पाहिले आहे. परंतु काही पदार्थ न तापताही प्रकाश देतात. बाहेरून ऊर्जा घेतात आणि थोड्या वेळाने तीतला काही भाग उजेड म्हणून परत करतात. या थंड उजेडाला एल्हार्ड वीडेमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ साली 'ल्युमिनेसन्स' असे नाव दिले. या व्याख्यानापुरते मी त्याला 'दीप्ती' म्हणेन. दीप्तीतील रंग वेगळे काढून ते तपासायचे आणि त्याबरोबरच प्रत्येक रंग किती काळ टिकतो हेही मोजायचे, या विद्येला 'कालविभेदित दीप्ति-वर्णपटविज्ञान' म्हणता येईल. नाव लांबलचक आहे, पण तिचे प्रश्न तीनच आहेत: कोणता उजेड, किती, आणि केव्हा?

'केव्हा' हा प्रश्न यंत्राला प्रथम विचारला तो एदमाँ बेकेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने. १८५८च्या सुमारास त्याने एक साधे उपकरण केले. एका अक्षावर भोके पाडलेल्या दोन चकत्या बसवल्या. पहिलीची भोके दुसरीच्या भोकांसमोर येत नाहीत आणि पदार्थ दोहोंच्या मध्ये आहे. चकत्या फिरू लागल्या की पदार्थावर क्षणभर प्रकाश पडतो, मग अडतो, आणि तो अडल्यानंतरच पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोर भोक येते. म्हणजे डोळ्याला मूळ प्रकाश दिसतच नाही. दिसते ती मागे उरलेली दीप्ती. चकत्यांचा वेग वाढवीत त्याने सेकंदाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत मजल मारली. आपल्या काळकोठडीतला प्रयोग आणि हा प्रयोग एकच होता. फरक इतकाच, की बेकेरेलने डोळे मिटले नाहीत.

पुढे असे कळून आले की पुष्कळशी दीप्ती याहूनही अल्पायुषी असते. आपल्या जुन्या कालगणनेत पळ म्हणजे चोवीस सेकंद आणि विपळ म्हणजे सेकंदाचे दोन-पंचमांश. येथे विपळाचेही काही चालत नाही. येथला हिशेब नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांत होतो. अब्ज म्हटले की आपली कल्पनाशक्ती थकते, म्हणून मुलांसाठी एक सोपे माप सांगतो. एका नॅनोसेकंदात प्रकाश सुमारे तीस सेंटिमीटर जातो. तुमच्या दप्तरातली फूटपट्टी म्हणजेच एक नॅनोसेकंद. प्रकाशाला पट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला जो वेळ लागतो, तेवढ्या वेळात जन्मून विझणारे उजेड या जगात आहेत.

त्यांना मोजायचे तर त्यांच्याहून आखूड अशी प्रकाशाची थाप हवी, आणि ती पुन्हा पुन्हा, नियमाने पडायला हवी. येथे सिंक्रोट्रॉन उपयोगी पडतो. सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने वर्तुळात फिरविणारे यंत्र. इलेक्ट्रॉनाला सरळ जायचे असते, चुंबक त्याला वळवितो, आणि प्रत्येक वळणावर तो प्रकाश सांडतो. हा सांडलेला प्रकाश २४ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रथम डोळ्यांना दिसला. तेथील यंत्राची नळी पारदर्शक काचेची होती, म्हणून तो दिसला. यंत्र बांधणाऱ्यांच्या दृष्टीने ती ऊर्जेची गळती होती. ज्याला ते गळती म्हणत होते, त्याच प्रकाशासाठी पुढे जगभर यंत्रे बांधली गेली.

त्यांतली दोन आपल्या अगदी जवळ आहेत. बऱ्हाणपुराहून इच्छापूर-इंदूर रस्त्याने निघावे, असीरगड मागे टाकावा, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडावी, घाट चढून इंदूर गाठावे. तेथे सुखनिवास परिसरात अणुऊर्जा विभागाची एक संस्था आहे. १९८४ साली तिची पायाभरणी झाली, आणि डिसेंबर २००५ पासून ती राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र या नावाने ओळखली जाते. या केंद्रात 'इंडस-१' हे भारतातले पहिले सिंक्रोट्रॉन प्रारणाचे साठवण-वलय १९९९ साली कार्यान्वित झाले आणि २००५ साली 'इंडस-२' हे मोठे वलय प्रकाश देऊ लागले. पहिल्याचा परीघ जेमतेम १९ मीटर आहे, दुसऱ्याचा १७२ मीटरांहून थोडा अधिक. इंडस-१ वरील प्रकाशाच्या वाटांपैकी एक भाभा अणुसंशोधन केंद्राने पदार्थांचे प्रकाशशोषण आणि त्यांची दीप्ती अभ्यासण्यासाठी उभारली.

माझ्या एका विद्यार्थिनीचा मुलगा भौतिकशास्त्रात संशोधन करतो. पाहुण्यांना प्रवेश असतो अशा एका दिवशी तो मला तेथे घेऊन गेला. वलय दिसलेच नाही. ते जाड काँक्रीटच्या भिंतीआड होते. मी हिरमुसलो. तेव्हा तो म्हणाला, 'आजोबा, तुम्ही कुंडी भंडाऱ्याच्या भुयारात उतरला आहात ना? मग तुम्हाला हे यंत्र कळेल.'

आपण बऱ्हाणपूरकर आहोत. १६१५ साली खानखानानच्या काळात बांधलेल्या त्या भुयारी जलयोजनेविषयी आपल्याला सांगायला नको. भुयारातून चालताना वरच्या कुंडीतून उजेडाचा एक गोल पायाशी पडतो. पुढे गेले की काळोख. मग पुन्हा गोल, पुन्हा काळोख. गोल लहान, काळोखाचा टप्पा लांब. सिंक्रोट्रॉनचा प्रकाश असाच येतो. वलयातले इलेक्ट्रॉन एकसंध धारेत फिरत नसून पुंजक्यांनी फिरतात, आणि पुंजका खिडकीसमोरून गेला की प्रकाशाची एक थाप पडते. इंडस-१ च्या वलयात दोन पुंजक्यांची सोय आहे. एका फेरीला लागतात ६३ नॅनोसेकंद. म्हणजे दर ३२ नॅनोसेकंदांना एक थाप, सेकंदाला तीन कोटींहून अधिक. थाप पडते तेव्हा स्फटिक ऊर्जा घेतो, आणि दोन थापांमधल्या काळोखात आपला उजेड परत करतो. मोजायचे ते त्या काळोखात.

मोजण्याची रीतही आपल्या गावाला परकी नाही. एका थापेने निघालेला उजेड इतका थोडा असतो, की शंभर थापांत एखादा प्रकाशकण मोजयंत्रापर्यंत पोहोचला तरी पुरे. तो आला की थापेनंतर किती वेळाने आला हे नोंदवायचे आणि पुढच्याची वाट पाहायची. एका प्रकाशकणावरून काहीच कळत नाही, जसे मागावरच्या एका धाग्यावरून लुगड्याची नक्षी कळत नाही. पण असे लक्षावधी प्रकाशकण आपापल्या वेळेच्या खान्यात पडत गेले, की विझण्याचा आलेख विणला जातो.

आता कुणी म्हणेल, प्रकाशाच्या थापा लेसरनेही देता येतात. मग एवढा खटाटोप कशाला? उत्तर असे की सिंक्रोट्रॉनच्या प्रकाशात विस्तीर्ण पट्ट्यातल्या सर्व तरंगलांब्या सलग मिळतात आणि हवी ती निवडता येते. त्यातही जंबुपार प्रकाशाच्या पलीकडचा जो भाग हवा शोषून घेते आणि म्हणून ज्याचा अभ्यास निर्वातातच करावा लागतो, तो येथे विपुल असतो. काही स्फटिकांना जागे करण्यासाठी नेमका तोच लागतो.

बेरियम फ्लोराइडचे उदाहरण घेऊ. हा काचेसारखा स्वच्छ, दिसायला अगदी साधा स्फटिक. त्याच्यावर किरणांचा आघात झाला की तो उजळतो आणि त्याचा बहुतांश उजेड मंद असतो; त्याचे आयुष्य सुमारे ६३० नॅनोसेकंद. केवळ मंद उजेड पाहून थांबलेल्यांना तो एवढाच वाटला. १९८०च्या दशकात असे आढळले की याच स्फटिकात आणखी एक क्षीण उजेड दडलेला आहे. त्याची तरंगलांबी सुमारे २२० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. आणि आयुष्य एका नॅनोसेकंदाहूनही कमी, फूटपट्टीहून आखूड. हा कोठून येतो? सिंक्रोट्रॉनच्या प्रकाशाची ऊर्जा पायरीपायरीने वाढवीत गेल्यावर उलगडा झाला. सुमारे १८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली हा द्रुत उजेड मुळीच नसतो. तो उंबरठा ओलांडला की प्रकटतो. बेरियमच्या खोलवरच्या थरातला इलेक्ट्रॉन उखडला जातो, तेथे पोकळी होते, आणि ती भरायला शेजारच्या फ्लोरिनचा इलेक्ट्रॉन तत्काळ धावतो. उंबरठा आणि आयुष्य ही दोन्ही मापे जुळली, म्हणून कारण हाती आले. केवळ रंग पाहून ते आले नसते.

प्रत्येक वलय प्रत्येक कामाचे नसते, हेही सांगितले पाहिजे. ३२ नॅनोसेकंदांच्या काळोखात ६३० नॅनोसेकंदांचे आयुष्य मावत नाही. पहिला उजेड विझण्याआधी पुढच्या थापा पडत राहतात. त्यासाठी लांब काळोख हवा. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे 'डोरिस' या २८९ मीटर परिघाच्या वलयात पाच पुंजके ठेवले की दोन थापांमध्ये १९३ नॅनोसेकंद मिळत. तेथील 'सुपरल्युमी' हे दीप्तीच्या अभ्यासाचे केंद्र जगभर नावाजले. २०१२च्या अखेरीस डोरिसचे काम थांबल्यावर ते 'पेट्रा-३' या वलयावर नव्याने उभे राहिले.

आपल्यापैकी काहींच्या मनात प्रश्न असेल, की या सगळ्याचा तुमच्या-आमच्या संसाराशी संबंध काय? हा प्रश्न मीही अनेक वर्षे मनात बाळगून होतो. त्याचे उत्तर मला एका रुग्णालयात मिळाले.

काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला कर्करोग झाला. इंदूरच्या एका रुग्णालयात तिची पेट-तपासणी करायची होती. किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखर तिला टोचली. या फ्लोरिनची मात्रा ११० मिनिटांत निम्मी होते, म्हणून सगळे घड्याळावर चाललेले. 'काकू, आता तासभर शांत बसायचे, बोलायचे नाही,' असे तंत्रज्ञ मुलगी तिला म्हणाली. ही बडबडी बाई तासभर खरेच गप्प बसली. मग तिला त्या मोठ्या कड्यातून सरकविले. मी काचेपलीकडे बसलो होतो आणि मला काहीच कळत नव्हते.

कळले ते नंतर, या मुलाने समजाविल्यावर. ती साखर जेथे अधिक शोषली जाते तेथून पॉझिट्रॉन निघतात. पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनाला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि विरुद्ध दिशांना दोन गॅमा-किरण धावतात. कड्यात बसविलेल्या स्फटिकांवर ते आदळतात आणि स्फटिक क्षणभर उजळतात. समोरासमोरचे दोन स्फटिक एकाच वेळी उजळले, तर त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी रोग आहे. रेषेवर नेमका कोठे? दोन उजेडांमध्ये एक नॅनोसेकंदाचा फरक असेल, तर तो बिंदू मध्यापासून पंधरा सेंटिमीटर सरकलेला असतो. फरक ०.२ नॅनोसेकंदापर्यंत ओळखता आला, तर तीन सेंटिमीटरांपर्यंत बोट ठेवता येते. म्हणजे स्फटिक किती झटकन उजळतो आणि विझतो, यावर चित्राची स्पष्टता अवलंबून. जुन्या यंत्रांतल्या बिस्मथ जर्मनेट या स्फटिकाचे आयुष्य सुमारे ३०० नॅनोसेकंद. पुढे आलेल्या ल्युटेशियमच्या स्फटिकांचे सुमारे ४०. आणि आगमनवेळेचा हा फरक मोजणारी जी यंत्रे १९८०च्या दशकात प्रथम झाली, त्यांतल्या काहींत आपला बेरियम फ्लोराइड होता. त्याच्या त्या क्षीण, द्रुत उजेडासाठी.

कुणीतरी काळोखात बसून, डोळे न मिटता, एका स्फटिकाचे विझणे मोजले होते. ते कुणाच्या पत्नीसाठी मोजले होते असे नाही. ते केवळ खरे काय आहे हे कळावे म्हणून मोजले होते. त्या मोजणाऱ्याने कंटाळून शेजाऱ्याचा आकडा उतरवला असता, तर माझ्या पत्नीच्या शरीरातला ठिपका चुकीच्या जागी पडला असता. नववीतल्या त्या 'सात मिनिटांची' खरी किंमत मला त्या काचेआड बसलेल्या दिवसाच्या आठवणीने कळली. वयाची सत्तरी गाठताना कळली, पण कळली.

ठिपका योग्य जागी पडला. उपचार योग्य झाले. त्यानंतर ती तीन वर्षे आमच्यात होती. त्या तीन वर्षांत मी तिच्याकडे जितके पाहिले, तितके आधीच्या चाळीस वर्षांत पाहिले नव्हते, हे मी तिच्या माघारी या व्यासपीठावरून कबूल करतो. ती गेली तेव्हा ती दिसेनाशी झाली. मी पाहिनासा झालो नव्हतो. सरांच्या प्रश्नाला माझे एवढेच उत्तर आहे. ते द्यायला मला उशीर झाला.

आता शेवटची विनंती. सभेला येण्यापूर्वी मी जुन्या इमारतीत जाऊन आलो. काळकोठडी अजून आहे. तिच्यात मोडके बाक, गणपतीच्या मखराचे सांगाडे आणि जुनी हजेरीपत्रके भरली आहेत. दाराला कुलूप आहे, आणि शिपाईबुवांना किल्ली सापडायला अर्धा तास लागला. माजी विद्यार्थी या स्मृतिव्याख्यानासाठी दरवर्षी आपुलकीने वर्गणी देतात. यंदाच्या वर्गणीतून हार-तुरे आणि स्मृतिचिन्ह यांना फाटा देऊन ती खोली मोकळी करावी, तिला चुना लावावा आणि तेथे एक दिवा, एक घड्याळ आणि अंधारात चमकणारी चार आण्यांची, आजच्या भावाने पन्नास रुपयांची, एक मूर्ती ठेवावी. आठवी-नववीच्या प्रत्येक तुकडीने वर्षातून एकदा तेथे बसावे आणि प्रत्येकाने आपला आकडा आपण लिहावा.

आकडे जुळणार नाहीत. सात, नऊ, बारा, वीस असे येतील. कारण ही दीप्ती आरंभी झपाट्याने उतरते आणि मग रेंगाळत राहते. आणि कुणाचे डोळे काळोखाला लवकर सरावतात, कुणाचे उशिरा. न जुळणाऱ्या आकड्यांची कारणे शोधायला मुलांना शिकवावे. विज्ञानाचा श्रीगणेशा तेथेच होतो. आणि जो आकडा शेजाऱ्याशी तंतोतंत जुळेल, त्या मुलाला रागावू नये. त्याला जवळ बोलावून सरांचा प्रश्न विचारावा.